संगणक बदलला, पुन्हा पहिली यत्ता



लागणीच्या नोंदीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत आपल्या उसाचा हिशेब आपल्या हाती असला पाहिजे, हे आपणास कोणी नव्याने सांगायला नको. पूर्वी हा हिशेब वहीत असे आणि वही कोनाड्यात असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुला-नातवंडांच्या शिक्षणाच्या निमित्ताने पुष्कळ घरांत कॉम्प्युटर आला आणि वहीतले आकडे हळूहळू त्यात गेले. माझेही गेले. शिंगणापूर शिवारातल्या माझ्या तीन गटांचा ऊस, खताची उचल, खेपांची वजने, बिलाचे हप्ते, सगळे एका फाईलमध्ये होते. २०२५ च्या दिवाळीनंतर मी त्या कॉम्प्युटरचे आतले तंत्र बदलले आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागले. त्यात काय शिकलो आणि कुठे नुकसान करून घेतले, ते इतर सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

मुकादम बदलला

आधी मूळ गोष्ट. कॉम्प्युटर म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेटीतल्या सगळ्या भागांकडून काम करून घेणारी एक कार्यप्रणाली आत असते. ऊसतोडीच्या टोळीत जसा मुकादम, तशी ही. कोयते तोडणाऱ्यांच्या हातात असतात, पण कोणी कोणत्या सरीत शिरायचे, मोळ्या कुठे टाकायच्या, गाडी केव्हा भरायची हे मुकादम ठरवतो. आपल्याकडे बहुतेक कॉम्प्युटरांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली असते. तिची दहावी आवृत्ती जुलै २०१५ मध्ये निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणजे त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडले असे नाही. ते चालतच राहिले. पण चोरवाटा बुजवण्यासाठी ज्या दुरुस्त्या कंपनीकडून आपोआप येत, त्या यायच्या थांबल्या. ज्यांना हव्या त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय कंपनीने वेगळी ठेवली.

मग अकरावी आवृत्ती का टाकली नाही, असे कोणी विचारील. ती टाकायला पेटीत एक ठरावीक सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझी पेटी त्याआधीची. दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, "आबा, हा भंगारात काढा, नवा घ्या." पेटी धडधाकट चालत होती. पाण्याची मोटर चांगली असताना केवळ स्टार्टर जुना म्हणून आपण मोटर भंगारात देतो काय?

नातवाने दुसरा मार्ग काढला. लिनक्स नावाची कार्यप्रणाली आहे, ती फुकट मिळते आणि जुन्या पेटीवर चालते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालीत आली आहेत. कोणीही आतले लिखाण उघडून पाहावे, दुरुस्त करावे, दुसऱ्याला द्यावे. १९५०-५१ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःच्या भागभांडवलावर कारखाना उभा केला, त्या मातीतल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्सची आवृत्ती काढलेली आहे. आम्ही 'मिंट' नावाची आवृत्ती घेतली, कारण तिचा पडदा विंडोजसारखा दिसतो. खाली डाव्या कोपऱ्यात यादीचे बटण, उजवीकडे घड्याळ. तिला दोन जीबी स्मृती असली तरी भागते, चार असली तर बरे चालते.

कोणी बदलावे आणि कोणी नाही

इथे घाई करू नये. वरून सांगणारे पुष्कळ असतात, पण काम आपल्याला करायचे असते. ज्यांचा कृषी सेवा केंद्राचा किंवा दूध संकलनाचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. ते विंडोजसाठीच बनलेले आहे. ज्यांना डिजिटल सहीची कळ लावून कामे करावी लागतात, त्यांनीही आधी नीट चौकशी करावी. उलट ज्यांचे काम ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे महाभूलेखवर सातबारा पाहणे, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरणे, पत्र टंकणे, उसाचा तक्ता ठेवणे, त्यांचे फारसे अडत नाही.

आणि ज्यांना फक्त वजन आणि बिल कळले म्हणजे झाले, त्यांना कॉम्प्युटरच लागत नाही. हे मी मनाचे सांगत नाही. साखर कारखानदारीत याचा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' ही योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था यांनी मिळून पैसा घातला आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांसाठी पन्नासावर संगणक केंद्रे उघडली. ऊसनोंद, तोडणीचा परवाना, वजन, खताचा हिशेब हे सगळे गावातल्या केंद्रावर मिळावे ही मूळ कल्पना. त्याशिवाय बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण अशीही पुष्कळ स्वप्ने होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधन शाखेतील लोकांनी तिथे पाहणी केली, तेव्हा असे दिसले की केंद्रांवरचे संगणक मुख्यतः उसाच्या कामालाच वापरले जात होते. बाकीचे बेत कागदावर राहिले होते. मग २००६-०७ च्या सुमारास त्यांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग करून पाहिला. केंद्रावरचा संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा, कारखान्यावरचा संगणक त्याला उत्तर देणार. शेतकरी आपला क्रमांक आणि परवलीचा शब्द टंकून बांधावरूनच विचारू लागला की माझा ऊस किती टन गेला. शेतकऱ्यांना तो मोठ्या यंत्रापेक्षा सोयीचा वाटला आणि खर्चही कमी आला.

माझ्या मते वारणेच्या या गोष्टीत मोबाईल की कॉम्प्युटर हा प्रश्न दुय्यम आहे. आपले काम नेमके कोणते, हे आधी कागदावर लिहून काढावे, मग यंत्राकडे वळावे. मी ते केले नाही. मी सरळ यंत्राकडे वळलो.

माझी चूक

नातवाने मला सांगितले होते, "आबा, जुने सगळे पुसले जाणार. हवे ते पेनड्राइव्हवर घ्या." मी पडद्यावर समोर दिसणारे सगळे घेतले आणि 'डॉक्युमेंट्स' म्हणून जो कप्पा असतो तोही घेतला. उसाची फाईल डी ड्राइव्हमध्ये होती. माझी समजूत अशी की सी ही एक पेटी आणि डी ही दुसरी पेटी. विंडोज सी मध्ये असते, ते पुसले तरी डी ला काय होणार? गावातल्या मुलांनीही आजवर फॉरमॅट मारताना हेच सांगितले होते की डी ला हात लावत नाही. म्हणून मी निर्धास्त होतो. नवीन तंत्र बसवताना पडद्यावर प्रश्न आला की संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे काय. मी होय केले.

सी आणि डी या दोन पेट्या नव्हत्या. एकाच पेटीत फळी ठोकून केलेले ते दोन कप्पे होते. पेटीच पुसली, तेव्हा फळीसकट सगळे गेले.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. सौभाग्यवती म्हणाली, "वही होती तेव्हा असलं काही झालं नव्हतं." यावर काय बोलणार! सुदैवाने घरात एक जुना पेनड्राइव्ह सापडला. त्यावर नातवाने कधीतरी घेतलेली २०२३ पर्यंतची नक्कल होती. त्यानंतरचे सगळे वजनाच्या स्लिपांवरून पुन्हा भरायचे ठरले. स्लिपा मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या. पिशवी उघडली तर काही स्लिपा कोऱ्या! उष्णतेने छापणाऱ्या यंत्राचा तो गुळगुळीत कागद असतो, त्यावरचे अक्षर ऊन-उकाड्याने वर्ष-दोन वर्षांत उडून जाते. ज्या पिशवीच्या भरवशावर मी बसलो होतो ती पिशवीच अर्धी रिकामी निघाली. त्या खेपांची वजने गट ऑफिसमधून उतरवून आणावी लागली. तिथल्या क्लार्कने वही काढून दिली, पण माझ्या स्वतःच्या हातात पुरावा नव्हता, हे मनाला लागले.

तेव्हा बंधूंनो, बदल करण्याआधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर नक्कल घ्या आणि त्यातला एक दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर लावून फाईल खरोखर उघडते का ते पाहा. स्लिप हाती आली की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणखी एक सोय आहे, ती मला नंतर कळली. लिनक्स काहीही न पुसता नुसते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. नवीन जातीचे बेणे आपण आधी दोन-चार सऱ्यांत लावून पाहतो, तसे. प्रिंटर चालतो का, वायफाय लागते का, आवाज येतो का, हे सगळे तेव्हाच कळते. मी हे केले असते तर माझा जुना प्रिंटर नवीन तंत्राशी बोलत नाही, हे आधीच समजले असते.

नव्या घराची रचना

लिनक्समध्ये सी नाही, डी नाही. एकच मोठे झाड आहे, त्याच्या फांद्या म्हणजे सगळे कप्पे. त्यातली एक फांदी आपल्या नावाची, तिला 'होम' म्हणतात. आपले सगळे कागद त्यात ठेवायचे, बाहेर भटकायचे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पेनड्राइव्ह लावला की तोही त्याच झाडाला फुटलेली फांदी म्हणून दिसतो.

पेनड्राइव्ह काढताना मात्र फार जपावे. फाईल तिकडे गेली असे पडद्यावर दिसते, पण खरी लिखाई कधी कधी मागून चालू असते. पेनड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याची खूण असते, ती दाबावी, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबावे आणि मगच उपसावा. काट्यावर ट्रॉली उभी केली आणि स्लिप निघायच्या आत ट्रॅक्टर हाकला, तर वजन कोणाच्या नावावर पडणार? तसेच हे.

विंडोजवर सवय अशी की इंटरनेटवरून काहीही उतरवून घ्यायचे आणि दोनदा टिचकी मारायची. इथे तसे करायचे कारण नाही. सॉफ्टवेअरचे एक भांडार आत दिलेले असते, लागेल ते त्यातून घ्यायचे. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिबरऑफिस नावाचा संच असतो, त्यात पत्राला रायटर आणि तक्त्याला कॅल्क. जुन्या एक्सेलच्या फाईली त्यात उघडतात. जतन करताना तो कोणत्या साच्यात ठेवू असे विचारतो. फाईल दुसऱ्या कोणाला पाठवायची असेल तर एक्सेलचाच साचा ठेवावा, म्हणजे समोरच्याची अडचण होत नाही.

'रस' हा शब्द कुठे गेला?

तर २०२३ पर्यंतची फाईल मी कॅल्कमध्ये उघडली. आकडे जागच्या जागी होते. पण मराठीत लिहिलेले सगळे गेले होते. गटांची नावे, 'खोडवा', 'लागण', टोळी-मुकादमाचे नाव, सगळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कडबा. 'राम' लिहिलेल्या जागी जे, के, ई अशी तीन अक्षरे. 'रस' च्या जागी जे, एल. मला वाटले फाईल सडली.

फाईल सडली नव्हती. पूर्वी आपण मराठी टंकत होतो ती कृतिदेव किंवा तसल्याच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची युक्ती अशी की कॉम्प्युटर आत जे हे इंग्रजी अक्षरच साठवतो, फक्त पडद्यावर त्याचे चित्र 'र' असे काढतो. मराठी अक्षर आत कधी नव्हतेच, मराठीचे सोंग होते. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही, तिथे सोंग उतरते आणि आतले इंग्रजी अक्षर उघडे पडते. कंपनी बदला, फॉन्ट बदला, की तीच अक्षरे तिसरेच चित्र दाखवतात. गेल्या तीस वर्षांत मराठीचे कितीतरी कागद असे मुके झाले असतील.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला त्यात स्वतःची १२८ घरे दिलेली आहेत. 'क' चे घर ठरलेले, 'ळ' चे ठरलेले. जगातल्या कोणत्याही यंत्रावर त्या घरात तेच अक्षर राहते. आपण मोबाईलवर मराठीत निरोप पाठवतो तो युनिकोडमध्येच असतो, म्हणून तो कोणाच्याही फोनवर वाचता येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये उलटून देणारी साधने फुकट मिळतात. मी तसे केले. नव्वद टक्के नीट आले, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांत चुका राहिल्या. नावे एकेक करून स्वतः तपासावी लागतात. सातबाऱ्यावरचे नाव आणि आपल्या तक्त्यातले नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला तरी पुढे शोधताना ते सापडत नाही.

आता टंकायचे कसे? कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की दोन प्रकार दिसतात, एक उच्चारावर चालणारा आणि दुसरा इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने १९८६ पासून प्रमाण धरलेली रचना. मी इनस्क्रिप्ट घेतली आणि पंधरा दिवसांत हात बसला. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला व्यंजने. 'र' जे वर, 'स' एम वर, म्हणून 'रस' म्हणजे जे आणि एम. शिफ्ट दाबून टी म्हणजे 'ऊ', त्यापुढे एम, झाला 'ऊस'. अक्षराचा पाय मोडायला डी. म्हणून 'हप्ता' लिहिताना यू, एच, डी, एल, ई. करून पाहा.

टाइपरायटर शिकलेल्या मंडळींना एक गोष्ट जड जाते. मशीनवर आणि जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये जसे बोलतो तसे लिहायचे, आधी 'क', मग वेलांटी. गंमत अशी की वेलांटीची कळ दोन्हीकडे एफ हीच आहे, फक्त क्रम उलटा. माझी बोटे पहिले आठ दिवस सारखी चुकत होती.

आणि आपला हक्काचा शब्द 'शेतकऱ्यांचा'! साधा 'र', डी आणि 'य' टंकला तर पडद्यावर 'शेतकर्यांचा' असे उमटते. रफार वर जातो आणि वाचताना शेतकरी अडखळतो. तिथे साधा 'र' घ्यायचा नाही, शिफ्ट धरून जे दाबायचा. त्याने खाली टिंब असलेला 'ऱ' येतो. मग डी, मग 'य'. की मग नीट 'ऱ्या'. ज्या नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला 'शेतकऱ्या' नीट लिहिता येऊ नये हे बरे दिसत नाही. छापील पत्रिकांत आणि फलकांवरसुद्धा ही चूक मी रोज पाहतो.

तारीख आणि आकडा

आता सगळ्यात महत्त्वाचे, कारण इथे पैशाचा संबंध येतो.

२०२३ नंतरच्या नोंदी मी पुन्हा भरत होतो. आडसाली लागण ५ ऑगस्ट २०२४ ची. मी सवयीप्रमाणे ५/८/२०२४ असे टंकले आणि पुढे गेलो. काही दिवसांनी तक्त्यावरून उसाचे वय काढले, तर ऊस तीन महिन्यांनी म्हातारा! मी तडक गट ऑफिस गाठले आणि माझा ऊस वाळत चालला तरी तोड का नाही म्हणून आवाज चढवला. शेतकी खात्याच्या माणसाने शांतपणे नोंदवही पुढे केली. ५ ऑगस्ट. माझा कॉम्प्युटर मात्र ८ मे धरून बसला होता. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. नवीन तंत्र बसवताना भाषा-प्रदेशाच्या प्रश्नाला मी पहिले जे दिसले ते, म्हणजे अमेरिकेचे इंग्रजी, निवडले होते. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर आणि जातीवर ठरतो, तेव्हा ही चूक किरकोळ नव्हे. मी त्या माणसाची माफी मागितली. बसवतानाच 'इंग्रजी, भारत' निवडा. आधीच बसवले असेल तर लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्येही ते बदलता येते. खात्री करायची सोपी रीत म्हणजे १५/८/२०२४ टंकून पाहायचे. अमेरिकेची पद्धत असेल तर पंधरावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही आणि मजकूर डावीकडे चिकटून बसतो. भारताची असेल तर उजवीकडे जातो.

हे डावे-उजवे नीट ध्यानात ठेवा. तक्त्यात कॉम्प्युटर ज्याला आकडा समजतो ते आपोआप घराच्या उजव्या कडेला जाते आणि ज्याला नुसता मजकूर समजतो ते डाव्या कडेला. एकदा माझ्या तीन खेपा अशा होत्या, १४.३२०, १३.८७५ आणि १५.११० टन. बेरीज हवी ४३.३०५. तक्ता दाखवतो २९.४३०. मी तासभर सूत्र तपासत बसलो. मग दिसले की मधला आकडा डावीकडे बसला आहे. तो लिहिताना माझ्याकडून आकड्याच्या मागे 'टन' टंकला गेला होता. बेरीज करताना कॉम्प्युटर मजकूर गाळतो आणि तक्रारही करत नाही. टनाला नुसते तीन हजार धरले तरी तेवढ्या एका खेपेचे ४१ हजार ६२५ रुपये होतात. तेव्हा एकक मथळ्यात लिहावे, घरात फक्त आकडा. आकडे टंकताना कळफलक इंग्रजीवर आणावा. मराठी अंकात टंकलेला आकडा प्रत्येक यंत्र बेरजेत धरीलच याचा भरवसा धरू नये.

सूत्रे जुन्या आणि नव्या तंत्रात सारखीच चालतात. बरोबरची खूण, मग घराचे नाव, मग गुणाकाराची चांदणी. वजन बी मध्ये आणि दर सी मध्ये असेल तर बी२ गुणिले सी२. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा एका घरात, तोडणी-वाहतूक दुसऱ्या घरात ठेवून हे गणित एकदा मांडले की दरवर्षी फक्त तीन-चार आकडे बदलावे लागतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे पैसे चौदा दिवसांत मिळायचे असतात. ऊस गेल्याच्या तारखेत १४ मिळवणारे एक घर मी केले आहे. तारीख त्यात आपोआप येते. अट एवढीच की तारीख उजवीकडे बसलेली हवी.

बिनदाराच्या गावात पासवर्ड

शेवटी कुलपाविषयी. आमच्या शिंगणापूरची ख्याती आपण जाणता. घरांना चौकटी, पण परंपरेने दारे नाहीत. जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने इथे शाखा उघडली, तीसुद्धा कुलूप नसलेली म्हणून देशभर गाजली. अशा गावात वाढलेल्या माणसाला लिनक्स दर चार पावलांवर पासवर्ड विचारते, तेव्हा राग येतो. विंडोजवर मी पासवर्ड ठेवलाच नव्हता. इथे नवीन सॉफ्टवेअर घ्यायचे तर पासवर्ड, घड्याळ बदलायचे तर पासवर्ड.

पुढे कारण कळले. रोजच्या कामाला तो विचारत नाही. यंत्राच्या आतल्या भागाला हात लावायची वेळ आली म्हणजेच विचारतो. बाहेरून आलेल्या एखाद्या लबाड फाईलला आत शिरायचे असेल तर तिलाही हाच प्रश्न येतो. म्हणून आपण काही करत नसताना अचानक पासवर्ड मागितला, तर देऊ नये. काळ्या खिडकीत पासवर्ड टंकताना काही आवृत्त्यांत पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. मी कळफलक बिघडला समजून नातवाला शेतातून बोलावून आणले होते. तो हसून म्हणाला, "आबा, टंकत राहा अन् एंटर मारा." काम झाले.

पासवर्ड वहीत लिहून ठेवलेला आहे. होय, वहीतच, आणि वही कोनाड्यात. माझ्या पश्चात घरच्यांना हिशेब उघडता आला पाहिजे. बँकेचा पिन मात्र त्या वहीत नाही आणि तो कोणाला फोनवर सांगायचाही नाही.

प्रिंटरचे अजून जमलेले नाही. तक्ता छापायचा तर मी पेनड्राइव्ह खिशात घालून सोनईला जातो. तिथल्या दुकानातल्या विंडोजवर माझी फाईल उघडते, मराठी जसेच्या तसे दिसते. परवा या हंगामातल्या पहिल्या अकरा खेपा छापून आणल्या आणि स्लिपांशी ताडून पाहिल्या. अकराही जुळल्या. स्लिपांचे फोटो काढून झाले आहेत.